बांजाचं फळ वाळवू नका

मुक्तेश्वरहून परतताना एका मित्राने बांजाची मूठभर फळं आणली. बांज म्हणजे उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालचा ओक. हिरव्या पानाची पाठ पांढुरकी, लवदार. पुण्यात त्याने ती उन्हात खडखडीत वाळवली, डब्यात भरली आणि पावसाळ्यात कुंडीत लावली. एकही रुजलं नाही. "बियाणं वाळवूनच ठेवतात ना?" असं त्याने विचारलं.

ज्वारीचं तसंच असतं. दाणा पिकतानाच पाणी सोडत जातो. पेशीत साखरा आणि खास प्रथिनं साठतात, पेशीरस घट्ट होत होत काचेसारखा गोठतो. त्यात पेशीपटलांचे, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यांचे, रेणू जागच्या जागी राहतात, श्वसन जवळजवळ बंद पडतं. दाणा नुसता थांबून राहतो. ओकच्या फळाला थांबताच येत नाही. झाडावरून पडतं तेव्हा त्याच्या वजनात साधारण ४० टक्के पाणी असतं, श्वसन चालू असतं, पेशींतल्या रिक्तिका, म्हणजे पाण्याच्या पिशव्या, टम्म भरलेल्या असतात. तेवढ्यात ऊन लागलं की रिक्तिका आकसतात, पटलं सुरकुतून एकमेकांना चिकटतात. श्वसनाची साखळी मध्येच विस्कटते, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सुटतात आणि पटलांतल्या मेदाम्लांवर तुटून पडतात. मग कितीही पाणी घाला, फाटक्या पटलांतून ते पाझरूनच जातं. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जगभरचं बियाणं जपणारं कोठार आहे; त्याच्या उणे १८ अंशांतही ओकचं बी साठवता येत नाही, ते यामुळेच.

बियांच्या बाबतीत आपला फणसही असाच. कोकणात आठळ्या माती लावून ठेवतात, त्या मातीने ओल टिकते. बीजगोळे, म्हणजे बी भरलेले मातीचे गोळे, फेकून डोंगर हिरवे करण्याच्या मोहिमांचा मला राग येतो तोही इथेच. असलं बी गोळ्यात घालून वाळवलं, तर फेकण्याआधीच ते मेलेलं असतं.

बांज लावायचा तर त्याच्याच मुलखात, १,२०० ते २,३०० मीटर उंचीवर. ताजी फळं पाण्यात टाकावीत. तरंगतील ती बहुतेक सोंडकिड्याने पोखरलेली, बुडालेली घ्यावीत. लगेच आडवी ठेवून वर दोन बोटं माती आणि बांजाचाच पाचोळा पसरावा. आधी सोटमूळ सरळ खाली जातं, कोंब मागाहून येतो, म्हणून रोपवाटिकेतली पिशवी उंच हवी. अन्न साठवलेली बियाची दोन्ही दलं मातीतच राहतात. शेळीने कोंब खुडला तरी त्यांतला साठा शिल्लक असेल, तर शेजारून दुसरा फुटतो.