कोल्हापुरी कुणाची? जीआय आणि ट्रेडमार्क यांतला फरक

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये एका जुन्या दुकानात बसलो होतो. दुकान चालवणाऱ्या मामांची ही तिसरी पिढी. पाटीवर आजोबांचं नाव आणि शेजारी लहानसं चित्र. मी म्हटलं, "मामा, या नावाचा ट्रेडमार्क करून घ्या." ते म्हणाले, "आता कशाला? आपल्या चपलीला जीआय मिळालाय की!"

असं बोलणारे ते एकटे नाहीत. पैठणी विणणारे आणि हापूसचे बागायतदारही हेच म्हणतात. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. ते आणि ट्रेडमार्क ही दोन्ही नावाचीच राखण करतात, दोन्हींची नोंदणी दर दहा वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि दोन्हींचे कायदे १९९९ चेच. त्यामुळे गोंधळ होणारच. पण एका कारागिराला दोन्हींची गरज असते, आणि एक मिळालं म्हणून दुसरं सोडलं तर नुकसान त्याचंच होतं.

ट्रेडमार्क सांगतो, माल कुणाचा. मामांच्या पाटीवरचं नाव आणि चित्र ही त्यांच्या घराची ओळख. त्याची नोंदणी झाली की तेच किंवा फसगत होईल इतकं सारखं नाव लावून दुसऱ्याला चपला विकता येणार नाहीत. हा हक्क मामांच्या मालकीचा राहतो. विकता येतो, भाड्यानं वापरायला देता येतो, मुलांच्या नावे करता येतो.

जीआय सांगतो, माल कुठला आणि तिथल्या मातीशी, पाण्याशी, हातांशी त्याचं नातं काय. कोल्हापुरीला तो २०१९ मध्ये मिळाला आणि तो एकट्या कोल्हापूरचा नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो मिळून आहे. नोंदणी दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे, आपल्याकडचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. हक्काला व्यापारी अर्थानं मालक नाही. तो विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कुणाला लायसन्सवर देता येत नाही. कायद्यात एक सुंदर तरतूद मात्र आहे: नोंदणीकृत कारागीर वारला तर त्याचा हक्क त्याच्या वारसाकडे जातो.

'नोंदणीकृत कारागीर' या शब्दांपाशी थांबायला हवं, कारण बहुतेकांची फसगत इथंच होते. जीआय मिळाला म्हणजे आठ जिल्ह्यांतल्या प्रत्येक कारागिराला आपोआप हक्क मिळाला, असं नाही. ज्याला जीआयचं चिन्ह लावायचंय आणि स्वतः कोर्टात दाद मागायचीय, त्यानं चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपलं नाव लावून घ्यायला हवं. चामडं कापणाऱ्यापासून वेणी घालणाऱ्या बायकांपर्यंत या कामात कितीतरी हात लागतात. नोंद नसेल, तर वर्तमानपत्रातल्या जीआयच्या बातमीचा त्यांना काडीचा उपयोग नाही. मला हे फार लागतं.

मामांना एक शंका होती. 'कोल्हापुरी' याच शब्दाचा ट्रेडमार्क कुणी घेतला तर? तसं चालत नाही. नोंदलेल्या जीआयचं नाव कुणा एकाला ट्रेडमार्क म्हणून बळकावता येऊ नये, अशी जीआय कायद्यातच तरतूद आहे. आजोबांचं नाव घरचं, कोल्हापुरी हे नाव सगळ्यांचं.

जीआयला मर्यादाही आहेत आणि त्या ठाऊक नसल्या की अपेक्षाभंग होतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या. सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. इथं संताप उसळला, तेव्हा कंपनीनं भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि जुलैत फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं असं की जीआयचा नोंदणीकृत धारक स्वतः दाद मागू शकतो, त्याच्या वतीनं तिसऱ्यानं येण्याचं कारण नाही. पुढे डिसेंबरमध्ये प्राडा आणि दोन्ही महामंडळांत करार झाला.

संताप रास्तच होता. पण जीआय मुख्यतः नाव राखतो, नमुना नाही. चपलेचा आकार उचलला आणि 'कोल्हापुरी' असं कुठं लिहिलंच नाही, तर जीआयच्या आधारानं भांडणं कठीण. शिवाय इथला जीआय इथल्या हद्दीत चालतो, मिलानमध्ये नाही. तिकडे संरक्षण हवं असेल तर तिकडे वेगळी नोंदणी करायला हवी. युरोपीय संघात हस्तकलेच्या वस्तूंसाठी अशी सामाईक सोय १ डिसेंबर २०२५ पासूनच सुरू झाली. त्याआधी ती वाईन आणि खाद्यपदार्थांसारख्या मालापुरती होती. ट्रेडमार्कही देशापुरताच असतो.

दुसरी मर्यादा दार्जिलिंगनं दाखवली. भारतातला पहिला जीआय याच चहाचा, २००४ चा. कोलकात्यातल्या आयटीसीच्या हॉटेलात 'दार्जिलिंग लाउंज' होतं. त्याविरुद्ध सरकारचं टी बोर्ड कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये हरलं. जीआय वस्तूला मिळतो, चहाला मिळतो. बसायच्या जागेला, सेवेला तो लागू होत नाही. ट्रेडमार्क मात्र सेवेलाही मिळतो. हॉटेल, शिकवणी, सलून, सगळ्यांना.

खर्चाचं विचाराल तर ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपयांत होतो. पादत्राणं २५ व्या वर्गात येतात. अर्ज केल्या दिवसापासून नावाशेजारी 'टीएम' लिहिता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच, आधी लावला तर तो गुन्हा. आणि नाव नोंदवून सलग पाच वर्षांहून अधिक वापरलंच नाही, तर त्याची अडचण होणारा कुणीही अर्ज करून ते नोंदवहीतून काढून टाकायला लावू शकतो.

मामांनी सगळं ऐकलं. हातातली कापशी चप्पल बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मग आधी काय करू?" मी म्हटलं, दोन्ही अर्ज एकदमच करा, एक दुसऱ्यावर अडून नाही. त्यांनी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर दोन ओळी लिहून घेतल्या. वरची चेन्नईची, अधिकृत वापरकर्ता म्हणून. खालची ट्रेडमार्कची, आजोबांच्या नावाची.