मार्क ट्वेनची वचनं

अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन (खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स, १८३५–१९१०) याच्या नावावर फिरणारी चुरचुरीत वाक्यं. त्यातली खरंच त्याची किती, हाच मोठा घोळ आहे.

भरवशाचा साठा 'पुडनहेड विल्सन' (१८९४) या कादंबरीत मिळतो. तिच्यात प्रकरणांच्या डोक्यावर विल्सन वकिलाच्या कॅलेंडरमधली वचनं टाकलीयत, फ्लॉवर म्हणजे कॉलेज शिकलेला कोबी, हे तिथलंच. प्रकाशनाचा धंदा बुडाल्यावर कर्ज फेडायला तो व्याख्यानं देत जगभर फिरला, जानेवारी १८९६ मध्ये मुंबईलाही आला, आणि त्या प्रवासाच्या पुस्तकात (१८९७) विल्सनचं नवं कॅलेंडर आलं. लाजणारा प्राणी फक्त माणूस, आणि लाजायची गरजही त्यालाच, हे त्यातलं. (मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलंय ते मात्र वचनांपेक्षा भारी आहे.)

आपल्या मृत्यूच्या बातमीत अतिशयोक्ती आहे, हे वाक्य त्याचंच, १८९७ चं. लंडनमध्ये त्याचा एक चुलतभाऊ आजारी होता, त्यावरून गोंधळ झाला आणि पत्रकार विचारायला आला. मूळ उत्तर साधं होतं, 'फारच' अतिशयोक्ती हा मसाला नंतरचा.

खरा वाद हवामानाच्या वाक्यावर आहे. हवामानाबद्दल बोलतात सगळे पण करत कुणीच काही नाही, हे १८९७ मध्ये 'हार्टफर्ड कुरंट'च्या एका बिननावाच्या अग्रलेखात छापून आलं, तिथले संपादक चार्ल्स डडली वॉर्नर, ट्वेनचे शेजारी आणि एका कादंबरीचे सहलेखक, त्यामुळे काहीजण श्रेय वॉर्नरला देतात. पण अग्रलेखातच 'एक प्रसिद्ध अमेरिकन लेखक म्हणाला' असं आहे, म्हणून दुसरे म्हणतात तो ट्वेनच असणार. त्याच्या छापील लिखाणात मात्र हे सापडत नाही, तेव्हा वॉर्नरचं पारडं जरा जड वाटतं.

'खोटं, धादांत खोटं आणि स्टॅटिस्टिक्स' हे ट्वेनने १९०७ मध्ये स्वतःच ब्रिटिश पंतप्रधान राहिलेल्या डिझरायलीच्या नावावर टाकलं. डिझरायलीच्या लिखाणात ते नाही, छापलेलं दिसतं ते साधारण १८९१ पासून, म्हणजे डिझरायली गेल्यावर दहा वर्षांनी.

वीस वर्षांनी न केलेल्या गोष्टींचाच जास्त पस्तावा होईल, हे पोस्टरवरचं लाडकं वाक्य १९९० च्या एका अमेरिकन पुस्तकात लेखकाच्या आईचं म्हणून आलंय. ट्वेनला जाऊन तेव्हा ८० वर्षं झाली होती.