आवरण काढल्याने इंजिन थंड होत नाही

ट्रक तापू लागला की टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा ढकलणारं यंत्र) आणि सायलेन्सरच्या पाइपावरचं चंदेरी आवरण काढून टाका, इंजिनला हवा लागेल, असा सल्ला गॅरेजांत सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

इंजिन थंड ठेवतात ते कूलंट, रेडिएटर आणि पंखा. आवरण अडवतं ती धुराची उष्णता. ते काढलं की तीच उष्णता केबिनखाली पसरते आणि वायरिंग, रबरी होज भाजून निघतात. गळणारं डिझेल उघड्या टर्बोवर पडलं तर गाडी पेटू शकते, ही भीती अजिबात अतिरंजित नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाची कडक मर्यादा पाळणाऱ्या) ट्रकना तर ही उष्णता हवीच असते. धूर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की धुरात युरिया फवारून विषारी वायू कमी करणारी यंत्रणा नीट काम करत नाही. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करताना सुमारे ६०० अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता आत राखायला जागा तर अगदी तोकडी, म्हणून आवरणात उष्णता अडवणाऱ्या तंतूंचा पातळ थर आणि वर धातूचा पत्रा असतो.

आवरण फाटलं असेल तर त्याच मापाचं नवं बसवा. कापडी पट्टी गुंडाळू नका. ती तेल शोषते, आणि भिजलेली पट्टी तापल्या पाइपावर पेट घेते.