छप्पर एकाचे, संसार दुसऱ्याचा : भाड्याच्या घरातील विम्याची पार्श्वभूमी

भाड्याच्या घरात आग लागते किंवा पुराचे पाणी शिरते, तेव्हा एकाच वेळी दोन माणसांचे नुकसान होते. भिंती, छप्पर आणि वायरिंग घरमालकाचे असते; कपाट, फ्रिज, मुलांची पुस्तके आणि कागदपत्रे भाडेकरूची असतात. महाराष्ट्रातील भाडेविषयक कायद्यांनी शंभराहून अधिक वर्षे भाडे किती घ्यावे आणि घर कधी रिकामे करून घेता यावे, या दोन प्रश्नांभोवतीच फेरे घेतले. घराचे नुकसान झाल्यावर ते कोणी सोसायचे, हा तिसरा प्रश्न मागे पडला, आणि भाड्याच्या घरांत विमा आजही रुजलेला नाही याचे मूळ बऱ्याच अंशी तेथेच आहे.

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये सापडते. जागा ज्या स्थितीत मिळाली त्याच स्थितीत भाडेकरूने परत करावी, वापराने होणारी झीज आणि अटळ शक्तीने (पूर, वादळ यांसारख्या कारणांनी) झालेले बदल मात्र त्यातून वगळावेत, असे ते कलम सांगते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन मांडवीच्या बाजूची वस्ती जळाली, तेव्हा भरपाईसाठी त्याच वर्षी सरकारला स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. मोठ्या आपत्तीनंतर सरकारी मदतीची वाट पाहायची, ही सवय पुढे पानशेतच्या पुरातही दिसली आणि आजच्या पंचनाम्यांपर्यंत ती टिकून आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे, म्हणजे कायद्याने घेता येईल तेवढे भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले. त्यामागचा हेतू रास्त होता, कारण फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या काळात हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्यामुळेच टिकले. त्याचा परिणाम मात्र इमारतींवर झाला. ज्या खोलीचे महिन्याचे भाडे वर्षानुवर्षे काही रुपयांवर थांबले होते, त्या चाळीचा मालक डागडुजीसाठीही पैसे काढेना; विम्याच्या हप्त्याचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आणि सार्वजनिक मंडळ अशी व्यवस्था करावी लागली. दुरुस्तीची जबाबदारी अशी सार्वजनिक झाल्यावर इमारतीचे नुकसान हा आपला खाजगी धोका आहे, ही जाणीव मालक आणि भाडेकरू या दोघांमध्येही क्षीण होत गेली, असे माझे मत आहे.

१९७३ हे वर्ष या कथेत दोनदा येते. १ जानेवारीपासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात येऊन १०७ विमाकंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून, म्हणजे भाडेकरूच्या हक्काविना केवळ मालकाच्या परवानगीवर, जागेत राहत होते, त्यांना राज्याच्या कायदादुरुस्तीने संरक्षित भाडेकरू मानले. त्यानंतर कित्येक मालकांनी घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले. भाडेकरूला लेखी काही द्यायचे नाही, ही वृत्तीही त्या काळात बळावली. आणि ज्याच्याकडे करार नाही, भाडेपावतीही अनेकदा नाही, त्याला राहत्या पत्त्यावर विमा मागणे अवघड जाते.

इमारतच उरली नाही तर भाडेकरूचा हक्क उरतो का, या वादाकडे येथे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण विम्याचे पैसे कोणाच्या हाती जातात आणि त्यांतून काय उभे राहते हे याच उत्तरावर अवलंबून असते. कलम १०८ म्हणते की आग, वादळ, पूर, सैन्याची किंवा जमावाची हिंसा अशा कारणाने जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला, तर भाडेपट्टा भाडेकरूच्या इच्छेनुसार रद्द होईल. यातील ‘भाडेकरूच्या इच्छेनुसार’ हे शब्द निर्णायक आहेत. तरीही २००० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका दुकानाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, भाड्याने दिलेले बांधकामच नाहीसे झाले असेल तर भाडेकरार ज्यावर उभा होता तो विषयच संपतो आणि भाडेकरूचा हक्कही त्याबरोबर संपतो. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता : इमारत जळाली, विम्याचे पैसे आले आणि जागा मोकळी झाली.

हा निर्णय तेरा वर्षे टिकला. २०१४ साली महाराष्ट्रातून वर गेलेल्या आणि महापालिकेने पाडलेल्या इमारतीशी संबंधित प्रकरणात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळी भूमिका घेतली. इमारतीच्या भाडेपट्ट्यात ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीनही येते. जमीन शिल्लक असेपर्यंत भाडेपट्ट्याचा विषय पूर्णपणे नष्ट होत नाही. आणि कलम १०८ ने रद्द करण्याचा पर्याय फक्त भाडेकरूला दिला असल्याने तो मालकाच्या सोयीने आपोआप लागू करता येत नाही, असे या पीठाने सांगितले. माझ्या समजुतीप्रमाणे कलमाच्या शब्दांशी प्रामाणिक राहणारा निर्णय हाच आहे. त्याने पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या) खोल्यांत तीन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना आधार दिला, हेही नाकारता येणार नाही.

परंतु या निर्णयाने हक्क टिकवला, पैसा पुरवला नाही. इमारतीचा विमा मालकाच्या नावे असेल तर भरपाई मालकाला मिळते, आणि ती पुनर्बांधणीवरच खर्च करावी असे बंधन कलम १०८ मध्ये लिहिलेले नाही. विमा नसेल तर अडचण दोघांचीही होते : मालकाकडे बांधायला पैसे नसतात, भाडेकरूचा हक्क कायम असल्याने मोकळी जागा विकताही येत नाही, आणि भाडेकरूच्या हाती ज्यावर हक्क आहे असा एक रिकामा भूखंड उरतो. म्हणून इमारतीचा पुरेसा विमा हा जुन्या भाडेकरूंच्या मालकाला वाटतो तितका वायफळ खर्च नाही. पुनर्बांधणी आणि वर्षानुवर्षांचा दावा यांमधला फरक अनेकदा त्याच पॉलिसीने पडतो.

आजच्या बहुसंख्य शहरी भाडेकरूंना मात्र २०१४ च्या निर्णयाचा उपयोग नाही, कारण ते कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीत, परवानाधारक आहेत. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती केली, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आणि मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून जागा परत मिळवण्याचा वेगळा, तुलनेने जलद मार्ग दिला. त्यामुळे मालक निर्धास्त झाले आणि अकरा महिन्यांचे करार सर्वत्र रूढ झाले. या परवान्याची व्याख्या येते ती १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यातून, आणि त्या कायद्याच्या कलम ६२ नुसार मालमत्ता नष्ट झाली की परवाना आपोआप रद्द झाल्याचे मानले जाते. एकाच इमारतीत, एकाच आगीत, पहिल्या मजल्यावरच्या पागडीवाल्याचा हक्क राहतो आणि त्याच्या शेजारी परवान्यावर राहणाऱ्या कुटुंबाचा संपतो. त्या कुटुंबाकडे स्वतःचे म्हणून जे उरते ते घरातले सामान, आणि त्याचे संरक्षण विम्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही कायद्यात नाही.

विम्याच्या बाजूने पाहिले तर भाडेकरू बराच काळ कोणाच्या हिशेबातच नव्हता. घरांचा विमा पसरला तो मुख्यतः गृहकर्जाच्या वाटेने, बँकेच्या तारणाला संरक्षण म्हणून. आगीच्या विम्याचे दर २००६ च्या अखेरपर्यंत ठरवून दिलेले होते. त्या पॉलिसीतून वादळ आणि पुराचा धोका वगळून हप्ता कमी करून घेता येई, आणि भूकंप वेगळा जोडून घ्यावा लागे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या कुटुंबांना पुराचा धोका काय असतो हे गाद्या आणि धान्य बाहेर काढतानाच समजले.

१ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीने चित्र पुष्कळ बदलले. आग, भूकंप, पूर, वादळ, भूस्खलन, दंगल हे सारे धोके एकत्र आले, विम्याची रक्कम कमी ठेवली म्हणून दाव्यात कपात करण्याची जुनी पद्धत गेली, आणि केवळ घरातील सामानाचा विमा घेण्याची सोय झाल्याने भाडेकरूला थेट दार उघडले. तरी तिची रचना मालकाला समोर ठेवूनच केली आहे. इमारतीचा विमा घेणाऱ्याला तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. पण हे सामान विमाधारकाचे असते, त्याच्या घरात राहणाऱ्या परवानाधारकाचे नव्हे. भाडेकरूने आपल्या वस्तूंची किंमत स्वतः सांगून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, दागिने त्यात वेगळे नोंदवावे लागतात, आणि चोरीचे संरक्षण विमित आपत्तीनंतरच्या सात दिवसांपुरतेच असते.

सोसायटीच्या विम्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आढळतो. आदर्श उपविधींनुसार (सहकारी संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार) गृहनिर्माण संस्थेने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढणे सक्तीचे आहे, आणि ‘बिल्डिंगचा इन्शुरन्स आहे’ हे वाक्य मालक आणि भाडेकरू दोघेही निश्चिंतपणे उच्चारतात. तो विमा संस्थेच्या नावे आणि बांधकामापुरता असतो. त्यात मालकाचे फर्निचर नसते आणि भाडेकरूचा फ्रिज तर नसतोच. शिवाय विमाकंपनीने नुकसानभरपाई दिली की ती विमाधारकाच्या जागी उभी राहून ज्याच्या निष्काळजीपणाने आग लागली त्याच्याकडून रक्कम वसूल करू शकते. इस्त्री चालू ठेवून बाहेर गेलेल्या भाडेकरूसाठी मालकाचा विमा म्हणूनच ढाल ठरत नाही, आणि त्याने स्वतःचा दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा) घेतला असेल तर मालकालाही वसुलीसाठी त्याच्या डिपॉझिटकडे पाहावे लागत नाही.

नोंदणीकृत कराराच्या मसुद्यात आजही जागा आहे त्या स्थितीत राखण्याचे आणि झालेले नुकसान स्वखर्चाने भरून देण्याचे कलम परवानाधारकावर असते. त्याच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात मालकाचे पंखे, ट्यूबलाइट, गीझर आणि कपाटे नगांसह मोजलेली असतात. परवानाधारकाच्या सामानासाठी त्या परिशिष्टात रकाना नाही.