साल, साखर आणि सगळ्यात शेवटी रम

संत्रं सोलायचं आणि साल धाकट्या भावाच्या डोळ्यांसमोर नेऊन दुमडायची, हा उद्योग न करता नागपुरात कुणी मोठं झालं असेल असं मला वाटत नाही. डोळ्यांत झोंबतो तो रस नव्हे, तेल. सालीच्या बाहेरच्या नारिंगी थरात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. साल वाकली की त्या फुटतात आणि फवारा उडतो. तोच फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवा, चर्रकन ठिणग्या दिसतील. फुगलेल्या फुग्यावर उडवा, बहुतेक वेळा फुगा फुटतो, कारण या तेलातलं लिमोनीन नावाचं द्रव्य रबराला विरघळवतं.

ज्याला आपण संत्र्याचा वास म्हणतो तो बहुतांशी या तेलाचा. रसात गोडवा असतो, आंबटपणा असतो, पण नाकाला ‘संत्रं’ म्हणून जे कळतं त्याचा मोठा साठा आपण सोलून कचऱ्यात टाकतो. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो, आंबिया बहाराची संत्री ढिगानं आलेली असतात, आणि घरोघरी कुणीतरी गरम ‘पंच’ करायचा म्हणून पातेल्यात संत्र्याचा रस, मसाला नि रम एकदम ओतून खळाखळा उकळतं. मग कडवट, उग्र काहीतरी तयार होतं आणि दोष रमला दिला जातो. रम बिचारी निर्दोष असते. चुकतो तो क्रम.

या पेयाचं आपल्याशी जुनं नातं आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरला. गोव्याजवळच्या नेरूळला उत्तम दारू गाळतात आणि तिच्यात पाच जिन्नस मिसळून इंग्रज लोक ‘पंच’ करतात, हे नाव हिंदुस्थानी ‘पाच’वरून आलं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे पाच जिन्नस पुढे ठरून गेले. काही भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती पटत नाही. ते हे नाव पिपाच्या एका इंग्रजी नावाशी जोडतात. मला मात्र फ्रायरचं पटतं, निदान हिवाळ्यात. आणि स्कॉटलंडच्या थंडीत व्हिस्कीत गरम पाणी घालून जी ‘हॉट टॉडी’ पितात, तिचं नाव तर उघड उघड आपल्या ताडीचं आहे.

आता पातेल्याकडे. दोन पेले करायचे तर एक संत्रं कोमट पाण्यात चोळून धुवा, कारण बाजारातल्या फळांवर कधी कधी मेणाचा थर असतो. साल काढून आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाका. कडवटपणा मुख्यतः तिथे असतो आणि गरम पाण्यात तो मोकळेपणानं उतरतो. उरलेल्या नारिंगी सालीवर चार लहान चमचे साखर घालून बोटांनी चांगली रगडा. साखरेचे कण तेलाच्या पिशव्या फोडतात, सालीतलं पाणी ओढून घेतात आणि सुटलेलं तेल स्वतःला चिकटवून ठेवतात. दहा मिनिटांत साखर ओलसर होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. गूळ वापरू नका असं नाही, पण त्याचा स्वतःचा वास दणकट. संत्रं मागे पडतं.

या साखरेवर नव्वद मिलिलिटर काळी रम ओता, वर ताटली ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. लिमोनीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. रममध्ये सुमारे ४३ टक्के अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलचा रेणू असा दुतोंडी की एका टोकाला पाणी चालतं, दुसऱ्याला तेल. त्यामुळे सालीतलं तेल रममध्ये उतरतं. काळ्या रममध्ये डोळ्यांना काही दिसत नाही. व्होडकात हाच प्रयोग करून मग त्यात पाणी ओतलं तर मिश्रण किंचित दुधाळ होताना दिसतं. अल्कोहोल पातळ झालं, तेलाला जागा उरली नाही, म्हणून ते अगदी सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडलं. हे थेंब इतके लहान असतात की पटकन वर येऊन तवंग धरत नाहीत, घोटाघोटात वाटले जातात.

मसाल्याचं गणित उलटं. दालचिनी म्हणजे वाळलेली साल, लवंग म्हणजे वाळलेली कळी. त्यांचं तेल कोरड्या, कडक पेशींत अडकलेलं असतं. त्याला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. म्हणून तीनशे मिलिलिटर पाण्यात इंचभर दालचिनी, दोन लवंगा आणि आल्याच्या चार चकत्या घालून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, झाकण लावून. झाकण नसेल तर वाफेबरोबर तेलही निघून जातं. अत्तरवाले फुलांचा अर्क काढतात तो याच तत्त्वावर. लवंगा दोनच. मी एकदा उत्साहात सहा घातल्या होत्या. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं आणि त्याचा वास म्हणजे दाताच्या दवाखान्याचा वास. पाहुण्यांनी पेले सभ्यपणे अर्धे ठेवले.

आल्याऐवजी सुंठ घेतली तर चिमूटभरच घ्या. आलं वाळताना त्यातल्या जिंजरॉलपासून शोगॉल बनतं आणि ते जास्त तिखट असतं.

गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा. पाणी आता साधारण अडीचशे मिलिलिटर उरलेलं, ८८ अंशांच्या आसपास. त्यात संत्र्याचा नि अर्ध्या लिंबाचा रस मिळून साठ मिलिलिटर, आणि मग गाळून घेतलेली रम, असं दीडशे मिलिलिटर थंड द्रव्य मिसळलं की तापमान ६२-६३ अंशांवर येतं. गरमागरम, पण तोंड न पोळणारं. रस उकळला असता तर त्यातला ताजा वास उडून मुरंब्याचा वास आला असता, क जीवनसत्त्वही घटलं असतं. लिंबू हवंच; संत्र्याला एवढी साखर एकट्यानं पेलवत नाही.

रम उकळली तर अल्कोहोल ७८ अंशांना झटक्यात उडून जातं, ही समजूत मात्र खोटी. शुद्ध अल्कोहोल ७८ ला उकळतं. पाण्यात मिसळलेलं दोघांच्या संगनमतानं हळूहळू जातं. स्वयंपाकातल्या मोजमापांनुसार उकळत्या पदार्थात घालून लगेच उतरवलं तर सुमारे ८५ टक्के शिल्लक राहतं, पंधरा मिनिटं शिजवलं तर ४० टक्के, अडीच तासांनंतरही ५ टक्के. आपल्या पेल्यात साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाइनपेक्षा थोडंच कमी.

आणि ती छातीतली ऊब? आपल्या जिभेत-घशात टीआरपीव्ही-१ नावाचा संवेदक असतो. मिरचीनं तो चेतवला जातो आणि साधारण ४२-४३ अंशांच्या उष्णतेनंही. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. अल्कोहोल या संवेदकाचा उंबरठा जवळपास आठ अंशांनी खाली आणतं, म्हणजे शरीराचं स्वतःचं तापमानच त्याला ‘गरम’ वाटू लागतं. आलं त्याच संवेदकाला वेगळं डिवचतं. शिवाय कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल तापतात, आणि आतली उष्णता बाहेर जाऊ लागते. वाटतं ऊब आली, प्रत्यक्षात ती निघालेली असते. तेव्हा हे पेय घरात, शाल पांघरून. पिऊन गच्चीवर थंडी अजमावायला जाऊ नये.

आईसाठी मी हेच रमशिवाय करतो. सालीची साखर थेट गरम मसाल्याच्या पाण्यात. दिव्याखाली तिच्या पेल्यावर तेलाची छोटी छोटी वर्तुळं तरंगताना दिसतात आणि पहिल्या वाफेतच सगळा वास वर येतो. पेला नाकाशी धरून ती बराच वेळ नुसती वास घेत बसते.