धावत्या जुन्या मोटारीतील प्रज्वलनदोष

पॉइंट (प्रवाह जोडणारी व तोडणारी धातूची टोके) व कंडेन्सर (ती उघडताना त्यांच्यावर पडणारी ठिणगी शोषणारा भाग) असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारीचे इंजिन धावताना अचानक बंद पडते आणि काही वेळाने विनातक्रार पुन्हा सुरू होते, तेव्हा दोष बहुधा प्रज्वलन यंत्रणेत असतो. पुण्यात हौसेने जपलेल्या प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या अ‍ॅम्बॅसडरसारख्या गाड्यांत या यंत्रणेची धाटणी सारखीच आहे. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या, म्हणजे दाब वाढवणाऱ्या भागाच्या, प्राथमिक वेटोळ्यातून व पॉइंटांतून वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो आणि दुय्यम वेटोळ्यात उत्पन्न झालेला हजारो व्होल्टचा दाब रोटरमार्फत, म्हणजे तो पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरकडे वळवणाऱ्या फिरत्या भागामार्फत, ठिणगी पाडणाऱ्या प्लगपर्यंत पोहोचतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता ही उघडझाप सेकंदाला १०० वेळा घडते, त्यामुळे क्षणभराचा खंडही लगेच जाणवतो.

बंद पडण्याची रीत पहिला पुरावा देते. पेट्रोल कमी पडल्यास इंजिन गचके खात दम तोडते. ठिणगी गेल्यास किल्ली फिरवल्यासारखे एकदम थांबते. मात्र एप्रिल-मेमध्ये दिवे घाट किंवा जुना कात्रज घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊनही गाडी थांबते व निवल्यावर सुरू होते, म्हणून केवळ उष्णतेवरून निष्कर्ष काढू नये.

तपासणी जागीच आणि लगेच झाली पाहिजे. चहा होईपर्यंत थांबले की गाडी सुरू होते, दोष मात्र तसाच राहतो. आणि गॅरेजपर्यंत चालत आलेल्या गाडीत तो शोधणे निष्णात मेकॅनिकलाही जड जाते. गाडी कडेला घेऊन, कोठे पेट्रोल गळत नाही याची खात्री करून, कॉइलची जाड तार पॉइंट व रोटर ज्यात असतात त्या डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील ‘डेल्को’च्या, कॅपमधून काढावी. तिचे टोक कोरड्या लाकडी चिमट्याने इंजिनाच्या उघड्या धातूपासून सुमारे ६ मिमी. दूर धरावे आणि दुसऱ्याने स्टार्टर मारावा. निळी, कडकडीत ठिणगी पडल्यास दोष रोटर, कॅप किंवा प्लगच्या तारांत शोधावा. पावसाळ्यात कॅपच्या आत साचलेला दमटपणा कोरड्या फडक्याने पुसल्यानेही काम भागते. ठिणगी मलूल असेल किंवा पडतच नसेल, तर कॉइलच्या मागे जावे.

येथे १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. त्याची एक तार कॉइलच्या पॉइंटांकडील टोकाला व दुसरी बॉडीला लावून स्टार्टर मारल्यावर बल्ब लुकलुकला, तर प्राथमिक मंडल चालू आहे आणि संशय कॉइल किंवा कंडेन्सरवर येतो. तो सतत पेटलेला राहिला, तर प्रवाह पॉइंटांमधून बॉडीला पोहोचत नाही. मुळीच पेटला नाही, तर एकतर स्विचकडून कॉइलला पुरवठा येत नाही किंवा पॉइंटांकडची बाजू कायमची बॉडीला टेकली आहे.

सर्वांत फसवा दोष डिस्ट्रिब्यूटरच्या आतील छोट्या तारेत असतो. इंजिनाच्या व्हॅक्यूममुळे (शोषणामुळे) पॉइंटांची तबकडी पुढेमागे फिरते आणि तिच्याबरोबर ही तार वर्षानुवर्षे वाकत राहते. वरचे आवरण धड दिसते, आतले तंतू मात्र तुटलेले असतात. अशी गाडी अ‍ॅक्सिलरेटरच्या एका ठरावीक स्थितीतच बंद पडते, उभी असताना ती निर्दोष वाटते. किल्ली चालू आणि पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला असतो. त्या वेळी तार हळूच हलवताच तो लागला, तर दोष सापडला.

अर्ध्या तासाने तापून गाडी बंद पाडणारी कॉइल हीही नेहमीची तक्रार आहे. शोधाशोध चालू असताना किल्ली चालू ठेवू नये, कारण पॉइंट मिटलेले असल्यास सुमारे ३ ओहम रोधाच्या प्राथमिक वेटोळ्यातून ४ अँपिअर प्रवाह अखंड वाहून चांगली कॉइलही जळू शकते. कंडेन्सर निकामी झाला की पॉइंट लवकर जळतात व खड्डे पडतात. ते नुसते पॉलिश पेपरने घासून ०.४ मिमी.च्या आसपासचे, उत्पादकाने सांगितलेले अंतर लावणे हा तात्पुरता उपाय आहे. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांतून आणलेला कंडेन्सर नवा आहे एवढ्यावर विसंबू नये: तो बसवून गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवावी आणि जुना चालता कंडेन्सर डिकीत ठेवावा. पॉइंट, कंडेन्सर व कॉइल एकदम बदलणे मात्र टाळावे, कारण त्यानंतर गाडी पुन्हा बंद पडली तर संशय कोणावर घ्यायचा हेच कळत नाही.