सोनाराचा काटा, पाचशे पेलेट आणि अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

मागच्या मे महिन्यात लातूरला आमच्या घरी तीन दुपारी पंखा बंद होता, लाईट होती तरी बंद, कारण पंख्याच्या वाऱ्यानं काटा हलतो. काटा म्हणजे सराफाकडं असतो तसला छोटा डिजिटल, मिलिग्रॅम दाखवणारा. टेबलावर काटा, एक काच, ५०० पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छर्र्यांचा, डबा आणि घामानं भिजलेले मी अन् माझी पुतणी. ती १० मीटर एअर रायफल खेळते, मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तिनं कुठंतरी व्हिडिओ बघितला होता, त्यात परदेशातला एक माणूस घराच्या गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरत होता, बंदुकीच्या दारूचा एकेक कण चिमट्यानं काट्यावर टाकत होता. ती म्हणाली काका, आपण पण असं करायचं का.

काडतुसं भरणं आपल्याला जमणार नव्हतं आणि ते करायचंही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, घरी करायची तर गोष्टच सोडा. पण तो माणूस एवढा जीव का टाकतो त्या कणांवर, हा प्रश्न मला लई आवडला, कारण त्याच्या उत्तरात अख्खं नेमबाजीचं शास्त्र आहे.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची नळी म्हणजे केस, तिच्या बुडाला ठिणगी देणारा प्रायमर, आत बिनधुराची दारू आणि तोंडाला बसवलेली गोळी. फायर झाल्यावर प्रायमर जळतो, दारू जळते, गोळी जाते आणि हातात राहते ती फक्त पितळेची केस. ती परत वापरता येते, म्हणून हे रीलोडिंग. पैसे वाचतात हे एक कारण, पण मॅच खेळणारा माणूस पैशासाठी करत नाही, त्याला प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच पाहिजे असतं.

पितळच का, तर ते जरा फुगतं आणि परत आवळतं. स्फोटाच्या दाबानं केस फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटते, गॅस मागं येऊ देत नाही आणि दाब उतरला की थोडी आकसते म्हणून बाहेर काढता येते. परांड्याच्या किल्ल्यावर ज्या जुन्या तोफा आहेत त्या काळात हीच मोठी अडचण होती, गोळा नळीपेक्षा थोडा लहान ठेवावा लागायचा नाहीतर आत सरकायचाच नाही आणि मग त्या फटीतून गॅस निसटायचा, दर वेळी वेगळा. गॅस वेगळा निसटला की वेग वेगळा आणि वेग वेगळा की गोळा वेगळीकडं.

दारूचं गणित अजून नाजूक आहे. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं बिनधुराची दारू तयार केली, नायट्रोसेल्युलोजपासून. तिचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. दाब वाढला की ती अजून जोरात जळते आणि जोरात जळली की दाब अजून वाढतो. म्हणजे दारू थोडी जास्त झाली तर परिणाम थोडा जास्त होत नाही, कधीकधी एकदम वाढतो आणि बंदूकच फुटते. आपल्याकडच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असायची, तिच्या मापानं कुणी ही दारू भरली तर हात जातो, डोळा जातो. जिथं कायदा परवानगी देतो तिथले लोकसुद्धा म्हणून छापील तक्त्याबाहेर जात नाहीत आणि भरताना कुणाशी बोलत नाहीत, कारण बोलण्याच्या नादात एका केसमध्ये दोनदा दारू पडू शकते.

वजन ते ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, मूळ शब्द धान्याच्या दाण्यावरून आलेला. आपल्या सोनाराची गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची, म्हणजे ग्रेन हा ढोबळमानानं अर्धी गुंज. आणि हे लोक ग्रेनचाही दहावा हिस्सा मोजतात. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती सोनं आहे का ते.

एवढं का मोजायचं, ते ५० मीटरच्या रायफलवर हिशोब करून बघू. पॉइंट टू टू च्या, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या, मॅच गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर धरा. हवेचा अडथळा सोडून दिला तर ५० मीटर जायला तिला ०.१५४ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणानं साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्या हिशोबानं लावलेली असते म्हणून काही बिघडत नाही. पण पुढची गोळी ३३५ नं गेली तर ती ११ सेंटीमीटरपेक्षा थोडी कमीच पडते. फरक जवळपास ७ मिलिमीटरचा. आणि ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं मधलं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे नेमबाजानं काहीही चूक न करता गोळी मधोमधची पार दहाच्या काठावर जाऊन बसते, त्यात हाताची थोडी चूक मिळाली की नऊ.

आता यात एक गंमत आहे. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, त्या प्रकारात वापरतात ते पॉइंट टू टू चं काडतूस रीलोड होतच नाही. त्याला वेगळा प्रायमर नसतो, ठिणगीचा मसाला बुडाच्या काठात आतून पसरलेला असतो आणि फायरिंग पिन तो काठच चेपते. एकदा चेपला की संपलं. मग या खेळाडूंनी एकसारखेपणा आणायचा कुठून? ते वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांची, काडतुसं आपल्या रायफलमधून मारून बघतात, बॅरल शिकंजात घट्ट धरून, म्हणजे माणसाचा हात मधी येत नाही. ज्या लॉटचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, सगळ्यात लहान, तोच लॉट घ्यायचा, वर्षभर पुरेल एवढा.

आमच्या उन्हाचाही यात वाटा आहे. दारू गरम झाली की जरा जोरात जळते, वेग वाढतो. १० अंशाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३३७ मीटर असतो आणि ४० अंशाला ३५५. मॅचची गोळी मुद्दाम आवाजापेक्षा हळू ठेवलेली असते, कारण आवाजाच्या वेगाच्या जवळपास हवेचे झटके बसून ती डगमगते. त्या बाबतीत मराठवाड्याचा उन्हाळा गोळीला जास्त मोकळीक देतो, पण काडतुसांचा डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवला की दुसऱ्या बाजूनं सगळं बिघडतं. डबा सावलीतच ठेवायचा.

तर परत आमच्या टेबलावर. एअर रायफलमध्ये दारूच नाही, हवा आहे, सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबलेली आणि प्रत्येक शॉटला रेग्युलेटर मोजून तेवढीच सोडतो. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, मॅचची रायफल तर सात-आठ जूलच्या आसपासच असते. पेलेट शिशाचं, मधी कमरेत बारीक, पुढं सपाट डोकं आणि मागं पोकळ घागरा. हवा त्या घागऱ्यात शिरून तो जरा फुगवते आणि नळी बंद होते, पितळेच्या केसचंच काम. बाहेर पडल्यावर तोच घागरा बॅडमिंटनच्या फुलासारखा पेलेटला सरळ धरतो.

काच होती ती यासाठी. पेलेट काचेवर हळूच ढकललं की ते सरळ जात नाही, डोकं आणि घागरा यांचा व्यास वेगळा असल्यानं गोल वळण घेत फिरतं. चांगलं पेलेट गुळगुळीत वळतं. ज्याच्या घागऱ्याला पोचा आलाय ते मधेच टुकटुक उड्या मारतं, डोळ्याला पोचा दिसला नाही तरी काचेवर कळतं. पाचशेतले अकरा निघाले तसे. ते बाजूला.

मग वजनं. बहुतेक ०.५३० ग्रॅमच्या आसपास, टोकाची पेलेटं चार मिलिग्रॅम इकडं तिकडं. तीन दुपारी घालवून आम्ही चार ढिगाऱ्या केल्या आणि चौथ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. पेलेट सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातं, १० मीटरला ०.०६ सेकंद, तेवढ्यात साधारण १६ मिलिमीटर पडतं. ऊर्जा तीच धरली तर चार मिलिग्रॅम फरकानं त्या पडण्यात बदल होतो सव्वाशे मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. टार्गेटवर गुण दशांशात मोजतात, दहाच्या आत १०.० ते १०.९, आणि प्रत्येक दशांशाची पायरी पाव मिलिमीटरची असते. म्हणजे एवढ्या मेहनतीनंतर हातात आला अर्धा दशांश. ५० मीटरवर, ३०० मीटरवर जो फरक जीव घेतो तो १० मीटरवर जवळपास मरून जातो, अंतर कमी म्हणून. पोचे आलेली अकरा पेलेटं काढली त्याचा उपयोग जास्त, आणि डोक्याचा व्यास आपल्या बॅरलला कुठला मानवतो, ४.४९ का ४.५० का ४.५१, हे ग्रुप मारून बघणं त्याहून जास्त. हे मी नवीन पोरांच्या आईवडिलांना कळकळीनं सांगतो, महागड्या काट्यापेक्षा तीन साइजचे डबे आणा.

आणि शिसं आहे हे विसरू नका. रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी नसते, लेकरांना तर ते मेंदूपर्यंत त्रास देतं. पेलेट हाताळून तसाच हात पोह्यांच्या ताटात नको, पेलेट दातात धरायची सवय असेल तर आजच मोडा, साबणानं हात धुवा आणि हे सामान स्वयंपाकाच्या टेबलावर नको. आम्ही चौथ्या दिवशी टेबल पुसून काढलं आणि काटा माळ्यावरच्या खोलीत नेला.

मग खरा फरक कुठं पडतो? १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, टाचणीच्या डोक्याहून लहान. पेलेटचा काठ त्याला शिवला तरी दहा, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पाहिजे. १० मीटरवर अडीच मिलिमीटर म्हणजे रायफलच्या दोन्ही साइटमधल्या साधारण ८० सेंटीमीटर अंतरावर ०.२ मिलिमीटर. वहीची दोन पानं एकावर एक ठेवा, तेवढी जाडी. नळीचं तोंड तेवढं हललं की दहा गेला.

आणि उभा माणूस हलतोच. शांत हातालाही सेकंदाला आठ ते बारा थरथरी असतात, तो रोग नाही, स्नायूंचा स्वभाव आहे. म्हणून पुतणीचे कोच, सर, सांगतात की रायफल स्नायूंवर नको, हाडांवर ठेव. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, वजन हाडावरून पायात आणि जमिनीत जातं. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. रायफल टार्गेटच्या उजवीकडं बघत असेल तर हातानं ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. हातानं ओढलं की शॉटच्या क्षणी स्नायू सैल पडतो आणि रायफल आपल्या मूळ जागी पळते.

दुसरी गोष्ट मला फिजिक्सवाल्याला सगळ्यात भारी वाटते. डोळ्याला चित्र दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे "आत्ता दहा दिसला, दाब" असं जो करतो तो कायम जुन्या दहावर फायर करतो, तोवर नळी पुढं गेलेली असते. पुतणी सुरुवातीला हेच करायची. सर मागून हळूच म्हणायचे, "घाई कशाला करलालास बाळा, दाबत राहा, सुटेल तवा सुटेल." ट्रिगरवर दाब आधीच चढत असतो, हलणं कमी होत जातं आणि शॉट त्या शांततेत निघतो. निघाल्यावरही पेलेट नळीतून जायला काही हजारांश सेकंद घेतं, म्हणून शॉटनंतर एक-दोन सेकंद तसंच उभं राहायचं, फॉलो थ्रू. हे सगळं पेलेटशिवाय शिकता येतं, ड्राय फायर करून, म्हणजे रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबून. रोज अर्धा तास भिंतीवरच्या ठिपक्यावर, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून.

श्वास पूर्ण भरून रोखायचा नाही, सोडताना जो नैसर्गिक थांबा येतो तिथं थांबायचं आणि आठ-दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर रायफल खाली. त्यापुढं डोळ्यांना नीट दिसत नाही, मन मात्र म्हणत असतं आता गेलाच पाहिजे. हृदयाचे ठोके हळू करणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंदी घातलेली आहेत, मॅचमध्ये आणि मॅचबाहेरही, यावरनंच कळतं की ठोक्याचा किती फरक पडतो. पाणी कमी पडलं की ठोके वाढतात, मराठवाड्यात मे-जूनमध्ये जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून सराव करणाऱ्या पोरांना हे आधी शिकवायला पाहिजे. मॅचच्या सकाळी चहाही नेहमी जेवढा घेता तेवढाच.

पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या रेंजला आम्ही मॅचसाठी रात्रीच्या बसनं गेलो. तपासणीच्या टेबलावर पहिलाच दणका बसला, सिलेंडरवरची तारीख संपलेली. सिलेंडर १० वर्षांच्या वर चालत नाही, तारीख त्याच्यावरच कोरलेली असते. ज्या दुकानातनं ते सेकंडहॅन्ड घेतलं त्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं, चार ढिगाऱ्या करणाऱ्या माणसानं. परभणीच्या एका पोराच्या वडिलांनी जादाचा सिलेंडर दिला, ओळख ना पाळख.

१५ मिनिटं तयारी आणि साइटिंग, म्हणजे साइट जुळवायचे सरावाचे शॉट, मग ७५ मिनिटांत ६० शॉट. दुसऱ्याच्या सिलेंडरमुळं तोल थोडा पुढं गेला होता, पुतणीनं ती १५ मिनिटं सगळी वापरली, नऊ वेळा रायफल खाली ठेवली, पाय सरकवले, डोळे मिटले. मी मागच्या खुर्चीत बसून मोजत होतो. पहिल्या मॅच शॉटला स्क्रीनवर १०.४ आला. ती हलली नाही, दोन सेकंद तशीच उभी राहिली, मग रायफल उतरवून पुढचं पेलेट घेतलं, न बघता, ज्या डब्यात चारी ढिगाऱ्या परत एकत्र ओतल्या होत्या त्यातनं.